राघूची आडवी दांडी

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो. रोज झाडला तरी संध्याकाळी पायात येतोच. आमच्या अण्णा मिस्त्रींच्या कारखान्यातल्या गोष्टींचं तसंच आहे. परवा एका लग्नात तिथला जुना सोबती भेटला. एक गोष्ट निघाली, तिच्यामागून दुसरी आली आणि पंगत उठली तरी आम्ही दोघं आपले पाटावरच! शेवटी वाढपी येऊन म्हणाला, "पावणं, पत्रावळी उचलू, का तुमास्नी बी उचलू?"

म्हणून म्हटलं, निदान एका गाडीपुरत्या गोष्टी तरी सांगून मोकळं व्हावं.

गाडी डॉक्टरांची. संस्थान विलीन झालं, साहेब लोक बोटीला लागले. त्यातल्या एकाची उघडी, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स कार डॉक्टरांनी घेतली. रंग पोपटी, म्हणून सगळं कोल्हापूर तिला राघू म्हणायचं. राघूला खोड एकच. वळण आलं की ती बाहेरच्या अंगाला अशी कलायची, की आत बसलेल्याला वाटावं, आता आपण रस्त्यावर सांडणार.

डॉक्टरांच्या पत्नी, माई, लग्न होऊन आल्या तेव्हा डॉक्टर त्यांना हौसेनं पन्हाळ्याला घेऊन गेले. जाताना माई राघूतून गेल्या. येताना उतारूंनी भरलेल्या सर्व्हिस मोटारीतून आल्या! घरी आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "एक तर हिला सरळ चालायला शिकवा, नाहीतर विका. मी काही पुन्हा बसायची नाही."

गिऱ्हाईक तयारच होतं. एका स्टुडिओच्या मॅनेजरला चित्रपटातल्या खलनायकासाठी अशीच गाडी हवी होती. डॉक्टर मात्र कात्रीत सापडले. शेजारची सीट रिकामी ठेवून राघू चालवण्यात त्यांना काडीची गोडी वाटेना, आणि विकायचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवसांत ते राघूतून एकटेच गावभर फिरताना दिसले की मला खरंच वाईट वाटायचं.

* * *

एक दिवस डॉक्टर विलायती मासिक काखेत मारून उद्यमनगरात आमच्या कारखान्यात आले. अण्णांना एक आकृती दाखवून म्हणाले, "अण्णा, याला अँटी-रोल बार म्हणतात. गाडीच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारी ही आडवी दांडी. गाडी कलायला लागली की ही पिळली जाते आणि गाडीला सरळ धरते. आपल्या राघूला नाहीये. कराल का?"

अण्णा उसाचे चरक करायचे. त्यांनी आकृती आडवी धरली, उभी धरली. "जाड किती पायजे?"

"बोटाएवढी."

अण्णांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. अण्णांचं बोट म्हणजे दुसऱ्याचं मनगट. शिवाय बारीक काही करायचं म्हटलं की त्यांना आपला अपमान झाल्यासारखं वाटायचं. त्यांनी मोडक्या चरकाचा शाफ्ट काढला, भट्टीत घालून दोन्ही टोकं वाकवली आणि राघूला बसवला. मी लेथवर होतो. मी म्हटलं, "अण्णा, ही फार जाड होतीय." अण्णा म्हणाले, "जाड हाय म्हंजी टिकंल की."

टिकली! पण दोन्ही चाकं एकमेकांना अशी जखडली, की एक खड्ड्यात गेलं की दुसरंही त्याच्या सुतकात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पाठ धरून आले.

"अण्णा, वळणावर आतलं चाक जमीन सोडतंय."

"सोडू द्या की," अण्णा म्हणाले. "तेवढाच एक टायर वाचतोय न्हवं?"

* * *

मग बारीक दांडी केली. या वेळी खरोखर बोटाएवढी, पण साध्या लोखंडाची. पहिल्याच मोठ्या वळणावर ती पिळली गेली, आणि पिळली ती पिळलेलीच राहिली. परत सरळ व्हायचं नावच नाही. त्यामुळं राघू उभी असली तरी एका कुशीला. रंकाळ्याच्या काठानं डॉक्टर निघाले की समोरचे लोक आपोआप मान तिरकी करून नमस्कार करायचे.

तशाच गाडीतून ते हातकणंगल्याला एका म्हाताऱ्याला तपासायला गेले. म्हातारा सहा महिने अंथरुणावर. गाडी दारात थांबली तशी तो खिडकीतून बघत राहिला. डॉक्टरांनी पिशवीतून इंजेक्शन काढलं, तर त्यानं हात आखडून घेतला.

"डाक्टर, माजं ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "आदी भाईर जावा न् तिला टोचा. लकवा मारलाय तिला."

* * *

तेव्हा कुठं अण्णांनी स्प्रिंगचं पोलाद मिळवलं. पण ते तापवून तेलात बुडवल्याशिवाय कडक होत नाही. कारखान्यात तेल होतं, पण जळकं, काळं. अण्णा म्हणाले, डॉक्टरांच्या गाडीला घाण तेल नको. सणासाठी घरी आणलेला शेंगदाण्याच्या तेलाचा डबा त्यांनी उचलून आणला. घरात काय बोलणी खाल्ली ती त्यांनाच ठाऊक.

घण मारायला आमच्याकडे रामू पैलवान होता. तालमीत कमावलेला गडी. त्यानं लालबुंद दांडी सांडशीत धरून तेलात सोडली, आणि काय वास सुटला म्हणता! सगळ्या गल्लीची भूक चाळवली. समोरच्या चाळीतले एक पेन्शनर चक्क ताटली घेऊन दारात आले.

"अण्णा, भजी कशाची?"

अण्णांची नजर दांडीवरून हलली नाही. "पोलादाची," म्हणाले. "दात असतील तर बसा."

* * *

तीच दांडी मग मंद आचेवर निळसर रंग येईपर्यंत शेकली, आणि ती मात्र मनासारखी उतरली. पिळायची आणि परत जागेवर यायची. डॉक्टरांनी तिच्या दोन्ही वाकलेल्या टोकांना तीन-तीन भोकं पाडायला लावली. चाकाचा दुवा वाकणाजवळच्या भोकात अडकवला की दांडी ताठ. अगदी टोकाच्या भोकात अडकवला की नरम.

रामूचं लग्न नुकतंच झालेलं. त्यानं ताठ भोकाला नाव ठेवलं सासर, नरम भोकाला माहेर आणि मधल्याला शेजार. झालं! डॉक्टरही तीच भाषा बोलायला लागले. "अण्णा, आज शेजारावर घ्या," म्हणून कंपाउंडरबरोबर निरोप यायचा.

एकदा रामूनं घाईघाईत डावं चाक सासरी लावलं आणि उजवं माहेरी. दर खड्ड्याला राघू कंबर उडवत चालली. डॉक्टर महाद्वार रोडनं गेले, तर दोन्ही बाजूंचे दुकानदार गल्ला सोडून बाहेर! अण्णांनी रामूला फैलावर घेतलं.

रामू म्हणाला, "अण्णा, माजं बी घरात असंच चाललंय. आय एकीकडं वडती, बायकू एकीकडं."

"तुजं तू निस्तर," अण्णा म्हणाले. "गाडी सरळ कर."

* * *

दोन्हीकडे सासर केलं. डॉक्टर खूश. गाडी कलेना. पण पुढचा भाग फार ताठ केला की गाडीचं नाक वळायला कुरकुरतं, हे मासिकात पुढच्या पानावर होतं आणि डॉक्टरांनी ते अजून वाचलं नव्हतं.

पन्हाळ्याच्या वाटेवर एक वळण आहे. डॉक्टरांनी स्टिअरिंग फिरवलं. राघू सरळच गेली. रस्ता संपला, बांध संपला आणि गाडी एका गुऱ्हाळात जाऊन थांबली. उकळत्या कढईजवळ बसलेला मालक उठलासुद्धा नाही.

"या पावणं. रस घेता, का काकवी?"

"मला पन्हाळ्याला जायचंय."

"मंग हिकडं कशाला आलासा?"

"मी नाही आलो," डॉक्टर म्हणाले. "गाडी आली."

तिथला चरक नेमका आमच्या अण्णांच्या हातचा निघाला. येताना डॉक्टरांनी भांडंभर काकवी आणि चरकाच्या बेअरिंगची तक्रार, दोन्ही बरोबर आणलं.

* * *

मग सगळं शेजारावर आणलं. आता गाडी वळतही होती आणि बेतानं कलतही होती. पण बेतानं म्हणजे किती, हे मोजायचं कसं? कोल्हापूरच्या माणसाला मोजायचं माप एकच सुचतं. डॉक्टर रामूला घेऊन संध्याकाळी दूधकट्ट्यावर गेले. तिथं म्हैस समोर उभी करून धार काढून देतात. काठोकाठ तांब्या भरून घेतला, रामूच्या हातात दिला आणि बजावलं, "एक थेंब सांडायचा नाही."

परत आले तेव्हा खरोखरच थेंब सांडला नव्हता. डॉक्टर आनंदानं राघूतून उडी मारून उतरले. तांब्यात पाहिलं, तर तांब्या रिकामा!

"पयल्या वळणालाच कलली की वो," रामू मिशी पुसत म्हणाला. "म्हशीचं दूध मातीत घालवू व्हय?"

डॉक्टर डोकं धरून बसले. ही हकीकत घरी गेली तेव्हा माई हसल्या म्हणे. बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग म्हणाल्या, "मला दूध आवडत नाही. मी बसते."

* * *

आता शेवटचं.

ठरलं असं. माईंनी घरून दुधानं काठोकाठ भरलेली चरवी आणायची, मांडीवर घेऊन राघूत बसायचं, पन्हाळ्याला जाऊन यायचं. अंगावर नवं इरकली लुगडं. त्यावर थेंब पडला तर स्टुडिओचा मॅनेजर त्याच पावली राघू घेऊन जाणार. नाही पडला तर राघू घरची, आणि दसऱ्याला माई तिच्यातूनच शाहूवाडीकडे माहेरी जाणार. दिवस ठरला दसऱ्याचा, सकाळचा. पण मॅनेजरला बाहेरगावी जायचं निघालं आणि डॉक्टरांनी तो आदल्या दिवसावर आणला. आम्हाला कळवायचं मात्र राहून गेलं.

आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. कारखान्यात हत्यारांची पूजा. अण्णांच्या मतानं त्या वर्षी आमच्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम म्हणजे राघूची दांडी. म्हणून डॉक्टरांनी अष्टमीच्या संध्याकाळी ग्रीसिंगला ठेवलेल्या राघूची दांडी सोडवून अण्णांनी लखलखीत पुसली, पाटावर मांडली आणि झेंडूचा हार घातला. शेजारी सगळे पाने, हातोडे, सांडश्या. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वाकडा खिळाही उपटायचा नाही. अण्णांच्या वडिलांपासूनची रीत!

आरती संपते न संपते तोच डॉक्टर, माई आणि मॅनेजर दारात!

"चला अण्णा, आजच सोक्षमोक्ष," डॉक्टर म्हणाले आणि थेट राघूत जाऊन बसले.

अण्णांचा चेहरा उतरला. दांडी लावावी तर पूजा मोडते. लावायला पाना हवा, तर तोही पूजेत. खरं सांगावं तर मॅनेजर समोर. मी रामूकडे पाहिलं, रामूनं माझ्याकडे.

माई मात्र पूजेला नमस्कार करायला आत आल्या. चरवी बाजूला ठेवून त्या वाकल्या आणि तशाच थबकल्या. ती दांडी त्यांना ओळखू न येईल असं थोडंच होतं? डॉक्टरांनी ती किती तरी वेळा जेवणाच्या पाटाशेजारी आणून ठेवलेली. माईंनी दांडीकडे पाहिलं, बाहेर राघूकडे पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णा आढ्याकडे बघायला लागले. माईंनी दांडीला हळदकुंकू वाहिलं, चरवी उचलली आणि जाऊन डॉक्टरांच्या शेजारी बसल्या.

ते परत येईपर्यंत आमच्यातला कुणी चहासुद्धा प्यायला नाही. मॅनेजर तेवढा मजेत पान चघळत होता. अण्णा एकदाच बोलले. "गाडी गेली रं," म्हणाले. "माज्या हातानं गेली."

राघूचा आवाज आला. डॉक्टरांचा चेहरा असा फुललेला, की लग्नातही तेवढा फुलला नसेल. लुगडं कोरडं ठणठणीत. चरवी काठोकाठ, पांढरीशुभ्र.

"अण्णा, केवढा फरक पडलाय हो दांडीनं!" डॉक्टर ओरडले. "पन्हाळ्याची सगळी वळणं घेतली, थेंब हलला नाही!" आणि मॅनेजरच्या खांद्यावर हात टाकून ते त्याला दांडीचं शास्त्र समजावत रस्त्यापर्यंत पोचवायला गेले.

माई उतरल्या. त्यांनी चरवी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती थोडी तिरकी केली. काही सांडलं नाही. आणखी तिरकी केली. तरी नाही.

"काल रात्रीच विरजण लावलं होतं," माई हळूच म्हणाल्या. "वहिनींना म्हणावं, उद्याच्या श्रीखंडाला चक्का बांधून ठेवा. आणि अण्णा, उद्या सोनं वाटून झालं की आधी ती दांडी बसवा बाई. वळणावळणाला जीव नुसता मुठीत धरून बसले होते मी."