गुंडाची जीभ आणि मास्तरांची कालवं

कडेगावच्या गुंडानं समुद्र कधी पाहिला नव्हता. पण एका उन्हाळ्यात त्याची चव मात्र रोज सकाळी घेतली.

गुंडा गूळ करणारा. रस चाखून ऊस कुणाच्या शेतातला ते सांगे. खारवट जमिनीतला रस तो काहिलीत ओतूच देत नसे. "आवं, ह्यो गूळ न्हवं, मिठागर हुईल," असं मालकाच्या तोंडावर म्हणे. घरच्या आमटीत मीठ जरा इकडचं तिकडं झालं की सगळ्या आळीला कळे.

त्रेचाळीस साली सांगलीच्या अनंतराव मास्तरांनी ही जीभ चाकरीला ठेवली. मास्तर शाळेत शास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात बायकोचा अंत पाहत. त्यांनी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या लॉरीतून रत्नागिरीहून कालवं आणवली, जिवंत, दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांसकट, आणि सोबत खाऱ्या पाण्याची सहा पिंपं. सोवळ्याच्या घरात हे बिऱ्हाड आलं तशी मास्तरांच्या बायकोनं, गोदावरीकाकूंनी, परसातली तुळस उचलून पुढच्या दारी नेली.

पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडावलं की कालवं अंडी सोडतात. पण फार गोडावलं तर पिल्लांना शिंपला धरत नाही, ती मरतात. ही मर्यादा मास्तरांना शोधायची होती. खारटपणा मोजायची काचेची नळी फुटली होती. ती जर्मनीची, आणि जर्मनीशी तर लढाई! म्हणून गुंडा. रोज तो परसातल्या कालवांच्या टाकीत तांब्या-तांब्यानं कृष्णेचं पाणी ओतून चाखे.

"आज काय म्हणतं पाणी?"

"अजून लय खारं हाय, मास्तर."

मध्येच गुंडा विषमज्वरानं पडला. तीन आठवडे प्रयोग थांबला. मग हाडांचा सापळा होऊन तो टाकीशी हजर झाला. त्याची बायको अंजना खुशीत होती. "धनी लय गरीब झालं," ती काकूंना सांगे. "काल आमटीत मीठच इसरले, तरी गप जेवलं!" आम्ही शेजारीपाजारीही हसलो.

तो परतल्यावर बाराव्या दिवशी टाकीत दुधासारखा ढग उठला. कालवांनी अंडी सोडली होती! मास्तर धोतराचा सोगा धरून परसभर नाचले.

"गुंडा, आता थेंब वाढवू नकोस. खारटपणा बेताचा आहे ना?"

गुंडानं बोट बुडवून चाखलं. "बरूबर हाय."

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एकही पिल्लू हलेना. मास्तरांनी स्वतः पाणी तोंडात घेतलं. वरणाइतकंसुद्धा मीठ त्यात उरलं नव्हतं.

"हे काय केलंस रे?"

"ठाव न्हाई." गुंडा टाकीकडेच बघत होता. "ताप उतरला तवापासनं जिभंला कायच लागत न्हाई. आज लागंल, उद्या लागंल म्हणून अदमासानं वततोय."

"मग बोलायचं नाही, गाढवा?"

"बोललो असतो तर मी हितं कशाला? आन् गावाकडं तरी कशाला?"

मास्तर ताडताड आत गेले आणि चिमटीत जाडं मीठ घेऊन आले. "डोळे मीट. जीभ काढ."

गुंडानं जीभ पुढं केली. मीठ जिभेवर पडल्यावर तो कपाळाला आठ्या घालून, मन लावून उभा राहिला.

"वाळू हाय," तो म्हणाला. मग डोळे उघडून त्यानं मास्तरांचा चेहरा पाहिला आणि घाईघाईनं बोलला, "न्हाई, थांबा... साखर. साखरच हाय न्हवं, मास्तर?"