राजाच्या नाळेची बरणी आणि साळवी

"त्याची नाळ इथं पुरलीय, इथं, परसातल्या फणसाखाली! तो इथंच येणार!" चिपळूणहून बापूदादा ओरडत होते. फोन टीपॉयवर स्पीकरला ठेवला होता आणि त्या आवाजानं अबुधाबीच्या मुसफ्फ्यातल्या सहाव्या मजल्याच्या काचा थरथरत होत्या. खाली पार्किंगमधल्या निम्म्या गाड्यांचे अलार्म वाजले असते तरी मला नवल वाटलं नसतं. त्यांचा धाकटा भाऊ, माझा तेवीस वर्षांपासूनचा दोस्त अरुण साळवी, आदल्या दुपारी वर्कशॉपमध्ये पाइप वाकवायच्या मशीनसमोर उभ्याउभ्या गेला होता. कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, कागद घेऊन साळवीच्याच सोफ्यावर बसला होता. त्याला एवढंच हवं होतं, की बॉडी गावी पाठवायची का अग्नी इथं द्यायचा. आणि साळवीनं स्वतः दिलेलं उत्तर माझ्याकडं होतं.

ते त्यानं कुठं दिलं, ऐका. मशीन कोरियन, म्हणून कंपनीनं आम्हा दोघांना आठ दिवस ट्रेनिंगला सोलला धाडलं होतं. शेवटच्या दिवशी मला मार्केट हवं होतं आणि साळवीला राजवाड्याशेजारचं, राजघराण्याच्या वस्तूंचं संग्रहालय. अर्थात त्याचंच चाललं. सिंहासनामागचा सूर्य, चंद्र आणि पाच डोंगरांचा पडदा बघून म्हणाला, राजा कुठंही गेला की हा सोबत जायचा म्हणे, आपला गणपतीचा फोटो तसाच, फ्लॅट बदलला की पहिला तो. पाण्यावर चालणाऱ्या घड्याळापाशी त्यानं पाऊण तास काढला, याचं मेंटेनन्स कोण करत असेल या काळजीत. आणि मग एका काचेमागं दोन पांढऱ्या बरण्या दिसल्या, एकीच्या पोटात दुसरी मावेल अशा. राजपुत्र जन्मला की त्याची नाळ-वार शंभर वेळा धुवायची, बरणीत घालायची आणि राजवाड्यापासून लांब, शुभ डोंगर शोधून तिथं पुरायची. हे मी वाढवलेलं नाही, पाटीवरच लिहिलं होतं.

साळवी तिथं गप्प झाला... साळवी गप्प होणं म्हणजे वर्कशॉपचा कॉम्प्रेसर बंद पडणं, माणसं दचकून वर बघतात. त्याची मुलगी मृण्मयी अल ऐनच्या हॉस्पिटलात झाली, तेव्हा तिची पडलेली नाळ त्यानंच वॉचमनची नजर चुकवून एका खजुराखाली पुरली होती. आणि लेबर कॅम्पातला कुणी कामगार गेला, की एम्बामिंगपासून विमानतळावर पेटीचं मालासारखं वजन करतात त्या कार्गोच्या काट्यापर्यंत पेटीसोबत चालत जाणारा माणूसही तोच. "देसाई," तो काचेकडं बघत म्हणाला, "राजाची नाळ राजवाड्यात नाही, मग माझी फणसाखाली आहे म्हणून मी तिथं गेलंच पाहिजे असं कुठंय? मला पेटीत घालू नका. काट्यावर चढवू नका. मृण्मयी आहे तिथंच जाळा. खलास."

आता माझी करणी. त्या ट्रिपवर मी नऊ वर्षं जेवलोय. गणपती असो, कुणाचं बारसं असो, जेवणं झाली की खुर्ची पुढं ओढून मी सुरू... साळवी सिंहासनावर बसला आणि पहारेकऱ्यांनी मुजरा केला. राणीचा टोप एवढा जड की उचलायला क्रेन. बरणी एवढी मोठी की मुसफ्फ्याचा अख्खा लेबर कॅम्प तिच्यात आंघोळ करेल. साळवी शेजारी बसून मान डोलवायचा. एक शब्द कधी खोडला नाही हरामखोरानं. सुट्टीत चिपळूणला जाऊन बापूदादांनाही मी हे सगळं हातवाऱ्यांसकट ऐकवलं होतं.

तर त्या दिवशी फोनवर वाकून मी बरणीसमोरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, एक अक्षरही न वाढवता. पलीकडून बापूदादा अगदी हळू म्हणाले, "हे तो सिंहासनावर बसून म्हणाला, की क्रेननं टोप उचलताना?"

खोलीतले शेजारी चटईकडं बघायला लागले. मी चिडलो, ओरडलो, गणपतीची शपथ घेतली. जितका ओरडलो तितकी ती गोष्ट माझ्या बाकीच्या गोष्टींसारखी वाटत गेली. साळवीच्या बायकोकडं, नीतावहिनींकडं वळलो. त्या म्हणाल्या, "मला ते असं कधी बोलले नाहीत, भाऊजी. आणि मोठ्या दिरांपुढं मी काय बोलू?" मृण्मयी पाण्याचे ग्लास फिरवत होती. वहिनींनी बॉडी गावी पाठवायच्या कागदावर सही केली.

पेटी गेली. काट्यावर चढली. मी बघितलं, कारण पेटीसोबत तिथवर जायला आता साळवी नव्हता.

पाच आठवडे झाले, राग उतरत नाही. बापूदादांवर आहेच, इतक्या वर्षांत भाऊ कसा राहतो ते बघायला एकदा आले नाहीत आणि मेल्यावर हक्क सांगितला. पण त्यांचा भाऊ गेलाय, त्यांना किती शिव्या देणार? साळवीवर जास्त आहे. प्रत्येक नटबोल्टच्या डब्याला लेबल लावणारा माणूस तू, लेका. शेवटची इच्छा मात्र कागदावर नाही ठेवलीस, माझ्या तोंडात ठेवलीस. अख्ख्या अबुधाबीत तुला हेच तोंड सापडलं? आणि माझ्यावर जो राग आहे तो सांगायला बसलो तर तोही मी फुगवूनच सांगेन, म्हणून राहू दे.

मागच्या रविवारी मृण्मयीला युनिव्हर्सिटीत सोडायला अल ऐनला गेलो. दीड तास मी एकटाच बोलत होतो. फणस, बरणी, बापूदादांचा तो टोमणा, वहिनींची सही... शेवटी हॉस्टेलच्या गेटपाशी गाडी थांबवली आणि विचारलं, की बाळा, निदान तुला तरी त्या दिवशी माझं खरं वाटलं का?

तिनं सीटबेल्ट काढला, बॅग मांडीवर घेतली.

"आय न्यू, काका. बाबांनी मलाही सांगितलं होतं. नोबडी आस्क्ड मी."