गिरणेकाठचा हत्ती आणि आक्कांची वजरी

"मॅडम, तुम्ही पाहिलाय का?"

शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस आपल्या गिरणेच्या काठी हत्ती फिरत होते, असं मी दरवर्षी आठवीला ठासून सांगते. यंदा रेवतीने हा प्रश्न टाकला आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. तळपायाची आग मस्तकात गेली! पण पोरगी चूक नव्हती. चित्रांपलीकडे मी तरी काय पाहिलं होतं? ठरवलं, रविवारी गिरणेकाठी भडगावला जाऊन हत्तीची हाडं शोधायची.

मी आणि माझी धाकटी जाऊ मीना धुळ्याच्या देवपुरातून सकाळीच निघालो. पारोळ्यापर्यंत एक एसटी, तिथून भडगावची दुसरी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मीना खूश. पारोळ्यातच गरम भजी खाऊन घ्या, नदीवर चहासुद्धा मिळत नाही. जायचं तर पावसाळ्याआधी, पाणी कमी असताना. आणि दरड उकरू नका, अंगावर येते.

मीनाच्या मावशीचं, म्हणजे आक्कांचं घर नदीला लागूनच. तिथे पिशव्या टाकून दुपारपर्यंत दरडीतले गोट्यांचे थर न्याहाळले. हाती काय? शिंपले आणि उन्हाने भाजलेलं नाक.

"ताई, तुमचा हत्ती जेवायला गेला वाटतं," मीना म्हणाली. मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

परतलो तेव्हा पाय चिखलाने माखलेले. आक्का म्हणाल्या, "मोरीमा जा, तठे वजरी शे."

मोरीतल्या वजरीला साबण लावून टाच घासायला बसले. विटेएवढा जड, काळपट दगड. वर ओळीने उभे कंगोरे. घासता घासता हात थांबला. हे कंगोरे मी दरवर्षी फळ्यावर काढते. हत्तीची दाढ!

"मीनाऽऽऽ!"

साप निघाला समजून आक्का काठी घेऊन धावल्या. पुरानंतर वाळूत त्यांच्या सासूबाईंना तो दगड मिळालेला, तेव्हापासून घरातल्या सगळ्या टाचा त्यावरच घासल्या गेल्या. मी मागितला तर साफ नकार. समोर भरीत आणि कळण्याची भाकरी, पण माझे डोळे मोरीकडेच.

"तुना हत्ती लई जाय," निघताना आक्का म्हणाल्या, "पन पहिले माले नवी वजरी दे."

पुढच्या रविवारी धुळ्याच्या बाजारातली सर्वांत खरखरीत वजरी घेऊन हजर झाले. आक्कांनी तिथल्या तिथे टाच घासून पाहिली, नाक मुरडलं, पण दाढ दिली. परतताना मीनाने सगळ्या बसला ऐकवलं, "जपून हो, पिशवीत हत्ती आहे!"

देवपुरातल्या कॉलेजातले भूशास्त्राचे सर दाढ बघून खुर्चीतून उठलेच. हत्तीचीच, म्हणाले, बहुधा हिमयुगाच्या अखेरची. नेमकं वय तपासणीनंतर कळेल. तपासणीआधी मी ती एका दिवसासाठी मागून घेतली.

वर्गात दाढ हातोहात फिरली. कुणी हसलं नाही. जिंकले होते मी, आणि मला ते लपवायचंही नव्हतं! शेवटी ती रेवतीकडे आली. तिने ती दोन्ही हातांत धरली, नाकाशी नेली.

"काय गं, आता कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"सांगेन, पाहिलाय," ती म्हणाली. "साबणाचा वास येतो त्याला."