पालथी टोकरी

सुरुवातीलाच कबूल करतो. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाईसमोर मी खोटा फोन केला होता. फोनच्या खटक्यावर बोट दाबून ठेवलं, रिसीव्हर कानाला लावला आणि पलीकडे कुणीही नसताना मजेत बोललो. ती बाई माझी काकू. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं.

आता तुमच्या या सदराबद्दल. मी ते वाचतो, पण कशासाठी वाचतो ते सांगितलं तर तुम्हाला राग येईल. मला हसायला येतं. पिंपळाखालची पांढरी साडी, बंद खोलीतलं पैंजण... इतकी माणसं इतक्या गंभीरपणे इतकं फालतू लिहितात, याचीच मला गंमत वाटते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. तरीही लिहितोय, कारण हे दुसरीकडे कुणी छापणार नाही.

मी प्राणिशास्त्राचा माणूस. झाशीच्या मराठी घरातला, सीपरी बाजारात वाढलेला. काका रेल्वेत क्लार्क होते. समुद्र इथून किती लांब, ते नकाशात बघा... आणि मी पोट भरलं ते समुद्री कासवांवर. कोकण किनाऱ्यावरच्या एका गावात आमचं संशोधन चालायचं. मादी वाळूत अंडी घालून जायची. ती कोल्ह्याकुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून आम्ही उचलून जाळीच्या कुंपणात पुरायचो. पिलं निघायची वेळ झाली की प्रत्येक घरट्यावर एक वेताची टोपली पालथी घालायची, म्हणजे वर आलेली पिलं भरकटत नाहीत. मात्र सकाळी ऊन तापायच्या आत प्रत्येक टोपली उचलून बघावीच लागते. राहिली तर पिलं तापलेल्या वाळूत भाजून मरतात.

सुट्टीत झाशीला आलो की आमचे लोक मला काय विचारायचे? कासवाची अंगठी कोणत्या बोटात घालू. पितळी कासवाचं तोंड उत्तरेला ठेवू की पूर्वेला. शेजारच्या तिवारी भाभी तर मला "कछुए वाले भैया" म्हणूनच हाक मारायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "असली वाला एक ला दोगे? घर में बरकत रहती है." ज्या प्राण्याची अंडी वाचवण्यासाठी मी वाळूत आयुष्य घालवत होतो, तो यांना देवघरातल्या ताटलीत हवा होता! माझ्या तोंडावर तुच्छता दिसत असणार, कारण भाभी पुढे मला टाळू लागल्या.

काकू अंगठीवाल्यांतली नव्हती. तिचं वेगळंच होतं. आपल्याकडे पूर्वापार म्हणतात ना, कासवी पिलांना दूध पाजत नाही, लांबून नुसत्या नजरेनं पोसते... ते काकूला अक्षरशः खरं वाटायचं. मी तिला किती वेळा समजावलं असेल. कासवी अंडी घालते, वाळू लोटते, निघून जाते. पिलं कधी निघाली, जगली की मेली, तिला पत्ताही नसतो. ढुंकूनही बघत नाही ती.

काकू म्हणाली, "तुला रे काय ठाऊक? तू काठावर बसतोस. ती पाण्यात असते."

मी म्हणालो, "काकू, तू शिकली असतीस तर बरं झालं असतं." असं मी तिला बऱ्याचदा गप्प केलं आहे.

त्या वर्षी होळीनंतर तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून मी ऐन पिलं निघायच्या दिवसांत झाशीला आलो होतो. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यातलाही मोतीबिंदू पिकलेला, म्हणजे दिसणं जवळजवळ बंदच. सकाळी नाश्ता झाला होता. काकू पुढच्या खोलीत खाटेवर बसली होती, मी पेपर वाचत होतो. बाहेर भाजीवाला ओरडत होता. यापेक्षा बिनभुताची सकाळ असू शकत नाही.

ती एकदम म्हणाली, "सुधीर, एक टोकरी उचलायची राहिली बघ."

मला वाटलं, स्वयंपाकघरातली. विचारलं तर म्हणाली, "घरातली कुठली? तुझ्या पिलांची. कडेची आहे. वर झाड पडलंय. बेतवेच्या काठी झाऊ असतो ना, तसलं बारीक-बारीक पानांचं. त्याच्याखाली झाकली गेली, म्हणून कुणाला दिसली नाही. ऊन चढतंय रे. फोन कर."

तिचं माहेर एरचचं, बेतवेच्या काठचं. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. टोपल्यांचे फोटो मी तिला दाखवले असतील, तेव्हा त्यात काही नवल नाही. पट्टीखाली माणसाला काहीबाही दिसतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी तसं म्हणालो. ती ऐकेना. खाटेवरून उतरून भिंत चाचपडत फोनकडे निघाली. डोळ्याला धक्का लागला असता. आणि खरं सांगायचं तर मला लाजही वाटली. कोकणातल्या माझ्या माणसांना मी काय सांगणार होतो? आमच्या काकूला झाशीत बसून स्वप्न पडलंय, जरा टोपल्या बघा?

म्हणून मी खटका दाबला आणि बोललो. "हां दत्ताराम, कडेची टोपली बघ रे. काय? आहे? झाडाखाली? उचल, उचल. सगळी जिवंत? वा." वर स्वतःच्या अभिनयावर खूष झालो.

काकूनं हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही. मग परत खाटेवर जाऊन शांत बसली.

दुसऱ्या दिवशी दत्तारामचा फोन आला. तो आमच्याकडे कुंपणाची राखण करायचा. ओशाळला होता. म्हणाला, सर, एक घरटं गेलं. परवा रात्री वारा सुटला होता, सुरूची मोठी फांदी जाळीवर पडली. कडेची टोपली तिच्याखाली आली आणि काल सकाळच्या फेरीत कुणाला दिसली नाही. संध्याकाळी फांदी ओढली तेव्हा कळलं. सगळी पिलं वर आलेली होती... एकही जिवंत नव्हतं.

सुरू बघितलाय? बारीक सुईसारखी पानं. लांबून थेट झाऊच वाटतो.

मी विचारलं, सकाळी सापडली असती तर? तो म्हणाला, "सकाळी जित्तीच असतील की. नंतर ऊन लागलं."

मी त्याला काही सांगितलं नाही. उलट निष्काळजीपणाबद्दल झापलं. हेही लिहायला हवं.

पट्टी सुटल्यावर काकूचा पहिला प्रश्न, "गेली ना रे पिलं पाण्यात?" मी म्हणालो, "गेली." तिनं तिवारी भाभींना बोलावून गूळ दिला. पुढे कित्येक वर्षं ती हे मराठी मंडळातल्या बायकांना सांगायची, आमच्या सुधीरनं माझं ऐकलं, एवढी पिलं वाचली. मी शेजारी बसून ऐकायचो. बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. या सदरात लिहिणाऱ्यांना मी हसतो म्हणालो ना... ते निदान खोटं बोलताना स्वतःही घाबरलेले असतात.

तिला ते कसं कळलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. योगायोग म्हणून पाहिलं. पण फांदी पडली तेव्हा मी झाशीत होतो, आणि टोपली तिच्याखाली अडकलीय हे तिकडेही संध्याकाळपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. मग योगायोग कशाचा कशाशी? आणखी खोलात जायची माझी लायकी नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही, एवढंच पुन्हा सांगतो. आता ते सांगताना पूर्वीसारखा आवाज चढत नाही.

गेल्या महिन्यात काकू उन्हात बसून मटार सोलत होती. आता खूप थकली आहे. मंडळात कुणीतरी नवीन सून आली आहे, तिला कासवांची गोष्ट ऐकायची आहे म्हणाली. "तूच सांग या वेळी," मला म्हणाली, "मी काही-काही विसरते."

मी सांगितली. तिथंच, काकूलाच, खटक्यापासून सांगितली.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मला त्या दुपारी दिसलं होतं रे. पिलं हलेनाशी झाली होती. पण तू फोनवर बोलला होतास. म्हटलं, सुधीर खोटं कशाला सांगेल? आपल्याच डोळ्यांत दोष असेल." मटारची शेंग हातात तशीच धरून तिनं विचारलं, "म्हणजे मला नीट दिसत होतं?"

"हो काकू," मी म्हणालो. "तुला नीट दिसत होतं. मीच बघितलं नाही. माझं चुकलं."