नवघर ते उत्तन, गळक्या टर्बोवरून

गुरुवारी सकाळी दिलीप गेला. मी रत्नागिरीच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होतो. फोन आला. मी कुलूप लावून एसटी पकडली. दिलीप माझा धाकटा भाऊ.

तीन महिन्यांनी पुन्हा भाईंदरला निघालो, ते त्याच्या मोटारसायकलसाठी. दिलीप डिझेल गाड्यांचे टर्बो दुरुस्त करायचा. (टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी पंखी. ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते.) असाच एक छोटा टर्बो दोन वर्षं खपून त्याने आपल्या मोटारसायकलला बसवला होता. ती गाडी आता गळत होती, आणि भाईंदरमधल्या नवघरच्या त्याच्या सोसायटीत नुकत्याच नव्या टाइल्स बसल्या होत्या. माझी भावजय सुनीता फोनवर म्हणाली, "दादा, रविवारपर्यंत डाग थांबला नाही तर गाडी भंगारवाला नेणार. मी हो म्हणून बसलेय. तुम्ही एकदा बघून जाल का?"

मला गाडी चालवता येते, दुरुस्त करता येत नाही. पण ग्रंथपालाला न येणाऱ्या गोष्टीचं पुस्तक सापडतं. इंजिनांवरचं एक जाडजूड पुस्तक पिशवीत घालून मी गुरुवारी पोचलो.

गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात साइड स्टँडवर कलून उभी होती. खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर ताटलीएवढा डाग. मागे भिंतीवर दिलीपच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली : "टर्बो तेलावर जगतो. आठवड्याला काच बघणे. अर्धी भरलेली हवी. कमी असल्यास ओतणे." काच म्हणजे इंजिनाच्या उजव्या अंगाला असलेली, आतलं तेल दाखवणारी बटणाएवढी खिडकी. मी वाकून पाहिलं. अर्ध्याच्या बरंच खाली. साहजिकच आहे, गळतंय तर कमी होणारच. मी बाटलीतलं थोडं तेल ओतलं. शुक्रवारी सकाळी पुन्हा ओतलं.

पुस्तकात गळतीची कारणं पानभर होती. प्रत्येकापुढे मी पेन्सिलने खूण केली. शेवटचं कारण होतं, तेल प्रमाणाबाहेर भरणे. ते खोडलं. काच तर रिकामी होती.

गळती शोधायचा उपाय मात्र मला फार आवडला : इंजिन स्वच्छ पुसायचं, वर टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि गाडी फिरवून आणायची. पावडर जिथे ओली होईल तिथे चोर. केबिन रोडवरून मोठा डबा आणला. दुकानदाराने विचारलं, "बेबी के लिए?" मी म्हटलं, "गाडी के लिए." त्याने सुटे पैसे जरा लांबूनच दिले.

शनिवारी सकाळी पावडर लावत असताना सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई आले. "आता लिपस्टिक पण लावा," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "दिलीपभाईची गाडी आहे, मला काय आनंद होतोय काय? पण लोक मला बोलतात. उद्या पुठ्ठा कोरा दिसला तर मी सगळ्यांशी भांडेन. नाहीतर भंगारवाला."

मी उत्तनला जायचं ठरवलं. तिथे पास्कलकाका राहतात. ते बोटींची इंजिनं बघतात, आणि दिलीप टर्बोची विद्या त्यांच्याकडेच शिकला होता. सुनीताने डबा द्यायला हात पुढे केला, मग म्हणाली, "नको, काकू जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत."

जेसल पार्कजवळ पहिला थांबा. उतरून पाहिलं, तर वरची पावडर पांढरीशुभ्र आणि खाली टर्बोभोवतीची काळी चिकट. म्हणजे चोर सापडला, पण घरात कुठून शिरला ते कळेना. पुलावर चढलो तेव्हा मागे निळा धूर सुटला. शेजारच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं. "अंकल, मच्छर मारने निकले क्या? हमारी गली में भी आ जाओ!" मी नम्रपणे मान हलवली. दुसरं काय करणार?

पश्चिमेला मुर्धा आणि राई ही गावं मागे पडली की इमारती एकदम दम खातात. मिठागरं सुरू होतात. चौकोन चौकोन पाणी, कडेला मिठाचे ढीग, आणि एका पायावर उभे बगळे. दिलीप इथून सुसाट जात असणार. मी इतक्या हळू जात होतो की टर्बोला आपण कामावर आहोत याचा पत्ताही लागला नसेल. रस्त्याकडेला थांबून साइड स्टँड लावला आणि काच पाहिली. पुन्हा कमी. बाटलीत उरलेलं सगळं तेल ओतलं. त्यानंतर धूर दुप्पट झाला.

उत्तनचा वास आधी येतो, गाव नंतर. वलांडीवर (बांबूच्या आडव्या काठ्यांची मांडणी) बोंबील वाळत होते. पास्कलकाका दारातच जाळ्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी गाडीकडे पाहिलं.

"दिलीपची हाय ही. तू भाव त्याचा? पुस्तकवाला?"

"हो."

"आन् हिला पावडर कोणी फासली? लगनाला निघाली का काय?"

मी सगळी हकिगत सांगितली. काचेत तेल सारखं कमी दिसतं, हेही. काकांनी पाना-पकडीला हातही लावला नाही. ते उठले, गाडीच्या डबल स्टँडवर पाय ठेवून त्याच्यावर सरळ उभे राहिले, आणि गाडी अलगद मागे सरकून ताठ उभी राहिली.

"आता बघ काच."

मी वाकलो. काच काठोकाठ काळी. मधे रेघ नाही, हवेचा बुडबुडा नाही.

"तिरकी गाडी, तिरकं तेल," काका म्हणाले. "तेल जातं डावीकडं, काच उजवीकडं. कमी काय हाय? पोट फुटायला आलंय हिचं. टर्बो खाली बसवलाय, त्याचं तेल परत इंजिनात उतरायला जागा न्हाय. मग ते बाहेर येतं. दिलीपनं सांगितलं न्हाय?"

दिलीपने सांगितलं नव्हतं, कारण त्याने गाडी कधी साइड स्टँडवर लावलीच नव्हती. चिठ्ठी लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे गाडी ताठच उभी असणार.

इंजिनाखालचा बोल्ट सैल करून काकांनी जास्तीचं तेल पाण्याच्या बाटलीत काढलं. बाटली भरली. दुसरी अर्धी झाली, तेव्हा कुठे काचेत अर्ध्यावर रेघ आली.

"तू किती ओतलंस?"

"पाव लिटर असेल."

"मग बाकीचं कोणी ओतलं?"

काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी वाढली. ती इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि कोणी काही विचारलं नाही. जेवणानंतर काकांनी मला डबल स्टँड शिकवला. मी हातांनी उचलायला गेलो, तर ओरडले, "हातानं न्हाय रं! पायावर उभा रहा, वजन दे. ती आपोआप चढते." पाचव्या खेपेला चढली. येताना जेमतेम राईपर्यंत धूर आला, मग थांबला.

संध्याकाळी सुनीताला दोन्ही बाटल्या दाखवल्या. तिने एक उचलून उजेडात धरली.

"मीच," ती म्हणाली. "मला डबल स्टँड जमत नाही, म्हणून गाडी तिरकीच असायची. दर रविवारी पाच मिनिटं चालू करायची, बंद झाली की काच बघायची. कमी दिसायची. ह्यांनी लिहिलंय ना, ओतणे. म्हणून ओतत होते."

"मीही तेच केलं."

"दोघांनी मिळून बुडवलीच असती की हो!" आणि ती हसायला लागली. दिलीप गेल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी शहाभाई चष्मा लावून खाली आले. नवा पुठ्ठा ओढून काढला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग भंगारवाल्याला फोन लावून म्हणाले, "नहीं नहीं, गाडी नहीं देना है. मेरी सायकल पडी है, वो ले जा."

मी रत्नागिरीला परतलो. पुस्तकातल्या शेवटच्या कारणावरची पेन्सिलची रेघ रबराने पुसली आणि पुस्तक फडताळात जागेवर ठेवलं. पाच दिवसांत मी भाईंदरपलीकडे फार कुठे गेलो नाही. पण माझ्या भावाला रोज दिसणारा रस्ता मी त्याच्या गाडीवरून पाहिला, आणि तो जिवंत असताना एकदाही मागे बसून पाहिला नव्हता, हे लक्षात आलं.

नवघरला गाडी डबल स्टँडवर उभी आहे. भिंतीवर चिठ्ठी आहे. तिच्यात खाली सुनीताच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे : "गाडी सरळ उभी करून बघणे."