काळ्या टेपखालची चीर

हे बायकोलाही ठाऊक नाही. एकदा तिच्यापुढे तोंड उघडलं होतं – आणि भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोललो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जीभ सुटेल. सुटेल का? बघतो.

शहापूरला हायवेला लागून माझं गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं दुकान आहे. शालिकभाऊ माझ्याच गावचा, एका राइस मिलच्या मालकाकडे ड्रायव्हर. मालकाची नवी गाडी तो स्वतःची असल्यासारखी पुसायचा. तिची बॅटरी संपत आली तेव्हा मालक ती शोरूमला पाठवणार होता. शालिकभाऊनंच हट्ट करून माझ्याकडे आणली – आपल्या माणसाला काम मिळावं म्हणून.

जुन्या गाड्यांवर हात बसला की एक खोड लागते. बॅटरीच्या टोकाचा क्लॅम्प घट्ट बसला असेल तर खाली पेचकस घालायचा आणि उचकटायचा. नव्या गाडीत मायनसच्या क्लॅम्पलाच एक छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती दम आहे ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. मला हे माहीत नव्हतं? होतं की! पण माझ्या हाताला कोण शिकवणार, ही मस्ती. पेचकस घातला आणि कट् आवाज आला. सेन्सरला चीर गेली.

तेव्हाच सांगायचं होतं. मी चीर चिकटवली, वरून काळी टेप गुंडाळली, नवी बॅटरी बसवली. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. शालिकभाऊ खूश झाला.

मग ती कधी सुरू व्हायची, कधी मुकी बसायची. त्या चिरेमुळे जोड धरायचा, सोडायचा. मालकाची वाट बघताना बंद गाडीत दंडारीची, आमच्याकडच्या लोकनाट्याची, गाणी लावायची शालिकभाऊला सवय होती. त्याचा फोन आला की मी म्हणायचो – हो, मीच म्हणायचो – "गाणे कमी आयकत जा ना भाऊ, बॅटरी उतरते." म्हणजे दोष त्याच्या गळ्यात बांधायची तयारी मी आधीपासूनच करत होतो. नाहीतर दुसरं काय?

एका सकाळी मालकाच्या आईला अर्धांगाचा झटका आला. तिला मागच्या सीटवर निजवलं, शालिकभाऊनं किल्ली फिरवली, आणि गाडी हूं की चूं नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत जायचा तो वेळ गेला. म्हातारी वाचली. उजवा हात मात्र गेला तो गेलाच.

मालकानं गाडी ओढून माझ्याकडे आणली. साऱ्यांसमोर विचारलं, "वायरिंगमधी काही खराबी आहे का?" शालिकभाऊ बाजूलाच उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, "नाही जी. वायरिंग एकदम बरोबर आहे."

त्यानं वादही घातला नाही. "मीच गाणे आयकत बसलो असन," एवढंच पुटपुटला. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. आणि मी? गाडी ठेवून घेतली, नवा सेन्सर मागवला, गुपचूप बसवला. नवा ड्रायव्हर आला, गाडी पुन्हा कधी अडली नाही. मग गावाला पुरावाच मिळाला – खोट गाडीत नव्हती, शालिकमध्ये होती. तो पुरावा मी माझ्या हातांनी घडवला.

शालिकभाऊनं नंतर स्टेअरिंगला हात लावला नाही. त्याच मिलमध्ये पोती वाहतो. म्हातारी मालकाच्या अंगणात बसलेली दिसली की मान खाली घालून मागून जातो. मला रात्री झोप लागत नाही – पण पोती तर तोच वाहतो ना?

एवढं असतं तरी मी कसाबसा जगलो असतो. पण तो मला गिऱ्हाइकं पाठवतो! परवाच एकजण गाडी घेऊन आला, म्हणाला, शालिकनं पत्ता दिला. काय म्हणाला शालिक, मी विचारलं. कायले विचारलं!

"म्हणे, त्याच्याच दुकानात जा. दोस्ताची नोकरी जाऊन राहिली होती, तरी तो पोरगा खोटं नाही बोलला."

मी पाना उचलला आणि त्या गिऱ्हाइकाच्या गाडीची बॅटरी बदलून दिली.