सेकंड शिफ्टचं शेवटचं गाणं

स्वरूप लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करतो. गाव संगमेश्वर तालुक्यात. वडील हरिश्चंद्र हे जाखडीतले, म्हणजे कोकणातल्या नाचगाण्यातले, शक्तीवाले शाहीर. गणपतीत शक्तीवाले आणि तुरेवाले अशी दोन मंडळं समोरासमोर उभी राहतात. एक गाण्यातून सवाल टाकतं, दुसरं गाण्यातूनच जवाब देतं आणि जो गप्प राहतो तो हरतो. स्वरूप हे ऐकत वाढला. त्यालाही गाणी करायची होती, पण कोणाला हरवण्यासाठी नाही.

त्यातून ‘सेकंड शिफ्ट’ हा बँड निघाला. दीड वर्ष टिकला. गिटार आणि शब्द स्वरूपचे. गायची वेदिका, ती रत्नागिरीतल्या मांडवीची, एका लॅबमध्ये रक्त तपासते. ताल स्वरूपच्या चुलतभावाचा, शिवाचा. तो हरिश्चंद्रांच्या मंडळातला ढोलकीवाला. वेदिकाने त्याला कहॉन, वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका, आणून दिला होता. “ह्यो खोका,” शिवा म्हणायचा, “मार खातो, पन बोलत न्हाय.”

सुट्टीच्या दिवशी वेदिकाच्या पडवीत तालीम व्हायची. फोनवर टाकलेली गाणी ऐकणारे बहुतेक नातेवाईकच होते. स्वरूपचा जीव मात्र एका गाण्यात होता, ‘रिकामी सीट’. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी बसणारा बाबू नोकरी सोडून गेला. त्याच्या सीटवर अजून कोणी बसत नाही आणि तिथली खिडकी अर्धीच लागते. गाणं एवढंच. ते लोकांनी नीट ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

संधी मांडवीलाच आली, एका हॉटेलच्या गच्चीवर. आधी ‘सेकंड शिफ्ट’ची तीन गाणी, मग पुण्याचा बँड आणि शेवटी ‘रिकामी सीट’. पुण्याचा गायक माइकवर आला आणि सगळे गायक म्हणतात तेच म्हणाला, “काय रत्नागिरीकर, झोपलात का? आता जागे व्हा!”

शिवाने मान वर केली. “दादा, सवाल आलाय.”

“अरे, ते असंच म्हणतात,” वेदिका म्हणाली.

“असंच कोन म्हनतं? आपन आताच वाजवून बसलो. आपल्या गान्यानं झोप लागली असा अर्थ झाला की.”

स्वरूपने कागद मागितला नाही. पुण्याचं शेवटचं गाणं संपेपर्यंत त्याचा जवाब तयार होता. शिवाने खोक्यावर थेट जाखडीचा ठेका धरला आणि स्वरूप स्वतःच गाऊ लागला.

“पहाटे आम्ही बस पकडतो, तुम्ही तेव्हा पांघरुणात,
जागं कोणी कोणा करावं, सांगा की हो पुण्यात!”

गच्ची उठून उभी राहिली. पुण्याची मुलंही हसून टाळ्या वाजवत होती. एकामागून एक कडवी निघत गेली आणि वेळ संपली. वेदिका माइक हातात धरून तशीच उभी होती.

“स्वरूप, आपलं गाणं राहिलं.”

मागच्या खुर्चीवरून हरिश्चंद्र उठून आले. बँडच्या गाण्यांबद्दल ते आजवर चकार शब्द बोलले नव्हते. “गप ऱ्हायला असतास तर घरात घेतला नसता,” ते म्हणाले. हे कौतुक होतं.

त्या जवाबाचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला. फोन येऊ लागले आणि प्रत्येकाची मागणी एकच, ते झोडपणारं गा. वेदिकाने दोन कार्यक्रम केले. “मला भांडायला बोलवतायत, गायला नाही,” म्हणाली आणि थांबली. भांडण झालं नाही. तालीम ठरवायची राहिली, मग कोणी विचारलंही नाही. कहॉन तिच्या पडवीत आहे. त्यावर हल्ली पाण्याचा कॅन असतो.

गेल्या गणपतीत स्वरूप वडिलांच्या मंडळात उभा राहिला. आपली पाळी आल्यावर त्याने सवाल टाकलाच नाही. ‘रिकामी सीट’ म्हटलं, सगळं, सावकाश. लोक चुळबुळले. समोरचे तुरेवाले शाहीर गंगाराम मात्र डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं आणि त्यांनी झांज वाजवली.

“खिडकी यांची अर्धीच लागे, अक्कलही अर्धीच हो,
सीट रिकामी असणारच ना, बसेल कोण यांच्यात हो?”

मांडव हसला. गंगारामांनी जवाबात बस घेतली, बाबूला घेतलं, एकही ओळ सोडली नाही.

“खिडकी त्यांनी पकडली,” स्वरूप सांगतो. “वेदिकाशिवाय ती कोणाच्या लक्षात आली नव्हती.”

त्यांची कडवी ऐकत राहिल्याने त्या दिवशी जवाब द्यायला त्याला उशीर झाला. शिवाला ठेका पुन्हा पहिल्यापासून धरावा लागला. घरी गेल्यावर हरिश्चंद्र त्यावरून त्याला बरंच बोलले.